दुसऱ्याच्या तोंडी

लक्ष्मीनगरच्या एका गल्लीत, सीएच्या परीक्षेचे क्लास चालतात त्या इमारतीखाली एक तळघर आहे. संध्याकाळी सातला शेवटची तुकडी सुटली की बाकं भिंतीला लावायची आणि तालीम सुरू करायची, असा आमचा दोन महिने क्रम होता. जानेवारी होता. फरशी इतकी गार, की नटमंडळी मोज्यांवर मोजे घालून उभी राहत. माझ्या मराठी नाटकाचा हिंदी प्रयोग बसत होता.

दुसऱ्या अंकात एक साधा प्रसंग आहे. मुलगा आईला सांगतो, गावाकडच्या घराचा दस्त झाला. आई म्हणते, ‘बरं.’ मराठीत लिहिताना या शब्दापाशी मी क्षणभरही थांबलो नव्हतो. हिंदी संहितेत तिथे ‘अच्छा’ आलं होतं. आईचं काम करणारी अभिनेत्री दरभंग्याची, पन्नाशीची, दिवसा शाळेत शिकवणारी. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं आणि थांबली. ‘अच्छा’त ही बाई खूश झाल्यासारखी वाटते, म्हणाली. मग ‘ठीक है’ केलं. त्यात तिनं परवानगी दिल्यासारखं झालं. ‘हूँ’ केलं, तर रुसल्यासारखं. मी तिला ‘बरं’ समजावू लागलो. आमच्याकडे ताप उतरला की बरं वाटतं, निघताना ‘बरं, येतो’ म्हणतात, भांडणात ‘बरं बरं, बघतो’ म्हणतात, आणि बोलण्यासारखं काहीच उरलं नाही की नुसतं ‘बरं’ म्हणतात. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

प्रसंग पुन्हा पहिल्यापासून घेतला. मुलाचं वाक्य संपलं. ती काहीच बोलली नाही. हातात स्टीलचा पेला होता. तो तिनं खाली ठेवला, इतका सावकाश की तळ टेकल्याचा आवाजही आला नाही. आणि पेल्यावरचा हात तिनं काढलाच नाही.

दिग्दर्शकानं ‘पुढे’ म्हणायला बराच वेळ घेतला. त्या रात्री मेट्रोनं वैशालीला परतताना माझ्या मनात दोन गोष्टी शेजारी शेजारी बसल्या होत्या. असा क्षण मला लिहून सुचला नसता, ही एक. आणि आता त्या क्षणात माझं एकही अक्षर उरलेलं नाही, ही दुसरी. पहिलीनं मला इतका आनंद झाला होता की डबा उघडून दोन घास खायचंही सुचलं नाही. दुसरीनं पहाटेपर्यंत झोप लागू दिली नाही. पुढची पानं मी या दोन्ही गोष्टींसाठी लिहिली आहेत.

कविता लिहून झाली की झाली. कादंबरी छापून आली की लेखक आणि वाचक यांच्यामध्ये कागदाखेरीज कुणी नसतं. नाटकाचं तसं नाही. नाटककार लिहितो तेव्हा त्याला ऐकू येणारा आवाज त्याचा स्वतःचाच असतो, आणि स्वतःच्या आवाजाला माणूस फार माफ करतो. वाक्य खरोखर कसं आहे ते कळतं दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर. ‘अमक्याच्या तोंडी अमुक वाक्य घातलं’ असं आपण मराठीत किती सहज म्हणतो. पण तोंड दुसऱ्याचं असतं. त्याला श्वास कुठे घ्यायचा ते त्याचं फुप्फुस ठरवतं, शब्दाचा रंग त्याच्या आईच्या बोलीनं ठरतो, आणि त्या दिवशी त्याचा घसा बसला असेल तर आपल्या चार वर्षांच्या मेहनतीलाही घसा बसतो. नाटककाराची सगळी कमाई आणि सगळी काळजी या एका ठिकाणी आहे. मानधन, पुरस्कार, परीक्षणं, पडलेले प्रयोग, चाललेले प्रयोग या पुढच्या गोष्टी झाल्या.

मी नोकरीच्या निमित्तानं दिल्लीला आलो, सरकारी कागदांचे अनुवाद करायला, आणि इथेच राहिलो. नाटकं मराठीतच लिहीत गेलो. या पुस्तकातली टिपणं त्या वर्षांमधली आहेत: तालमीच्या वहीच्या मागच्या पानांवर, मेट्रोत, कधी ऑफिसच्या पाकिटांवर लिहिलेली. नाटक कसं लिहावं हे यात सांगितलेलं नाही. नाटक लिहिणारा माणूस दिवसभर काय करतो, कशाला भितो आणि कशासाठी हे सगळं सोसतो, ते सांगण्याचा प्रयत्न आहे. मराठीत नटांची आत्मचरित्रं भरपूर आहेत, दिग्दर्शकांचीही आहेत. नाटककारानं आपल्या कामाचा रोजचा जमाखर्च मांडल्याचं फार कमी दिसतं, आणि ही उणीव मला बोचत आली आहे.

दिल्लीत बसून मराठी नाटक लिहिणं म्हणजे काय, याचा विचार करताना माझ्यापुढे सतत एक माणूस असतो. गो. पु. देशपांडे. 1938 साली नाशिकला जन्म, लहानपण सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपुरात, आणि उमेदीची सगळी वर्षं दिल्लीत, जवाहरलाल नेहरू विद्यापीठात. ते चीनचे अभ्यासक. इंग्रजीत ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्यांनी वर्षानुवर्षे सदर लिहिलं. देशातल्या कुठल्याही अभ्यासकाला हेवा वाटावा अशी इंग्रजी त्यांच्या हाताशी होती. नाटक मात्र मराठीत. ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, ‘अंधारयात्रा’, ‘चाणक्य विष्णुगुप्त’, ‘सत्यशोधक’, ‘रस्ते’: सगळी मराठीत. त्या निवडीची किंमत काय असते, ती दिल्लीत राहून मराठी लिहिणाऱ्यालाच ठाऊक. भोवतालच्या वाणसामानाच्या दुकानात, बसमध्ये, विद्यापीठाच्या कँटीनमध्ये आपली भाषा ऐकू येत नाही. पात्रं बोलतात ती आठवणीतून. घरात जेवढी मराठी बोलली जाते तेवढीच ताजी. बाकीची आपण जपून ठेवलेली असते, आणि जपून ठेवलेल्या भाषेला एक वास येऊ लागतो. तो आपल्याला येत नाही, पुण्याच्या नटाला पहिल्या वाचनातच येतो.

‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ 1974चं. डॉ. श्रीराम लागूंनी ते बसवलं आणि मुख्य भूमिकाही केली. एका डाव्या विचारांच्या प्राध्यापकाची त्याच्याच विद्यापीठानं बंद दाराआड चौकशी मांडली आहे, एवढाच त्याचा घाट. प्रश्न आणि उत्तरं. पण उत्तरं देता देता त्या माणसाचं लग्न, त्याचा पक्ष, त्याचे मित्र, त्याच्या निष्ठा असं सगळं त्या टेबलावर येतं. पुढच्याच वर्षी, जून 1975मध्ये, आणीबाणी आली आणि चौकशीची ती खोली देशभर पसरली. गोपुंची नाटकं म्हणजे नुसती चर्चा, असं तेव्हाही म्हटलं गेलं आणि आजही म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या माणसांबद्दल ते लिहीत होते त्यांच्या आयुष्यात बोलणं हीच कृती होती. एखादं वाक्य बोलल्यानं पक्षातून काढलं जात होतं, एखादं न बोलल्यानं घर मोडत होतं. अशा माणसांना रंगमंचावर उगाच येरझारा घालायला लावणं हे खोटं झालं असतं. त्यांच्या पात्रांच्या लांब वाक्यांत मला दिल्लीतल्या विद्यापीठाच्या घरांमधली ती रात्री उशिरापर्यंत चालणारी, चहा गार होऊ देणारी संभाषणं ऐकू येतात. फरक इतकाच की प्रत्यक्षात ती हिंदी-इंग्रजीत होत असतील आणि त्यांनी ती रहिमतपूरच्या मराठीत आणून बसवली.

1974 साली दिल्लीतल्या मराठी नाटककाराला आपल्या नाटकाच्या तालमीला जायचं म्हणजे एक रात्र आगगाडीत काढायची. ते नाही जमलं तर ट्रंक कॉल लावून वाट पाहायची, किंवा पत्र. तिकडे एखादं वाक्य नटाच्या जिभेवर बसत नसेल, ते बदललं जात असेल, आणि इकडे आपण तासिका घेत असू. आज माझ्या फोनवर तालमीची चित्रफीत येते. तरी ती भीती तशीच आहे. किंबहुना चित्रफितीत वाक्य ऐकू येतं, पण ते ऐकून खोलीतल्या बाकीच्या माणसांच्या चेहऱ्यांवर काय झालं ते दिसत नाही, आणि नाटककाराला पाहायचं असतं ते तेच.

गोपुंच्याच नाटकाची पुढची गोष्ट मला सर्वांत धीर देणारी वाटते. जोतीराव फुल्यांवरचं ‘सत्यशोधक’ त्यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलं. दिल्लीत जन नाट्य मंचानं ते हिंदीत केलं. मग 2012मध्ये पुण्यात अतुल पेठे यांनी ते बसवलं, महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन. जी माणसं पहाटे शहराचे रस्ते झाडत होती, ती संध्याकाळी फुल्यांच्या गोष्टीतली पात्रं झाली. गोपु ऑक्टोबर 2013मध्ये गेले. पुण्यातला हा प्रयोग त्यांच्या हयातीत झाला. दिल्लीत एका अभ्यासिकेत लिहिलेली वाक्यं वीस वर्षांनी अशा माणसांच्या तोंडी गेली, ज्यांना फुल्यांनी काय केलं हे समजून घ्यायला कुठल्याही संदर्भग्रंथाची गरज नव्हती. नाटककाराला याहून मोठं काय मिळू शकतं, मला सांगता येणार नाही. ‘बरं’ गेलं आणि पेला आला, तेव्हा मला या प्रयोगाची आठवण झाली होती.

आणि ज्यांच्यावर ‘सत्यशोधक’ आहे ते जोतीराव स्वतः नाटककार होते. 1855 साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं. एक गरोदर कुणबी बाई, तिचा नवरा, त्यांना ग्रहदशेची भीती घालून नागवणारा जोशी, आणि मध्ये मध्ये बोलणारा विदूषक. दक्षिणा प्राइझ कमिटीकडे ते त्यांनी पाठवलं, कमिटीनं नाकारलं. छापून आलं ते 1979मध्ये. म्हणजे मधली एकशे चोवीस वर्षं ते वाक्यांसकट गप्प पडून होतं. फुल्यांनी शाळा त्याआधीच काढल्या होत्या, पुढे ग्रंथ लिहिले, समाज स्थापन केला, पण नाटककार म्हणून ते पुन्हा उभे राहिले नाहीत. पहिल्या नकारानंतर जे नाटककार दुसरं नाटक लिहीत नाहीत त्यांची यादी कुठे नसते. मी तरुण नाटककारांची पहिली नाटकं वाचतो तेव्हा ही गोष्ट मनात असते, आणि ‘पाठवा, वाचतो’ म्हटल्यावर मी खरंच वाचतो.

पोटापाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात लांबवण्यासारखं नाही. मराठीत निव्वळ नाटकावर घर चालवलेले लेखक बोटांवर मोजण्याइतके. वसंत कानेटकर नाशिकला प्राध्यापक होते. महेश एलकुंचवार नागपूरला इंग्रजी शिकवत. सतीश आळेकरांचा जन्म दिल्लीतला, हे सांगताना मला उगाचच आपलेपणा वाटतो. ते वाढले पुण्यात आणि ‘महानिर्वाण’ व ‘बेगम बर्वे’ लिहिताना बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राची नोकरी करत होते. जयंत पवार पत्रकार. विजय तेंडुलकरही आधी वर्तमानपत्रांत, नंतर चित्रपटांच्या पटकथांत. व्यावसायिक रंगभूमीवर लेखकाला प्रयोगागणिक मानधन मिळतं, म्हणजे नाटक चाललं तर चाललं. दिल्लीत तेही गणित नाही. इथे मंडी हाउसच्या आसपास श्रीराम सेंटर, कमानी, एलटीजी अशी चांगली नाट्यगृहं पायी अंतरावर आहेत, शेजारी राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, पण नाटक लागतं शनिवार-रविवार. दोन प्रयोग, फार तर चार, आणि नेपथ्य टेम्पोत चढतं. संस्था चालतात त्या सरकारी अनुदानावर, नटांच्या पदरच्या पैशांवर आणि शिबिरांच्या फीवर. लेखकाचा हिस्सा सगळ्यात शेवटी आठवतो. माझी त्याबद्दल तक्रार आहे आणि ती मी लपवत नाही. दिव्यांचं भाडं उधार राहत नाही, मग संहितेचंच का राहावं?

कॉपीराइटच्या 1957च्या कायद्यात हौशी मंडळींना एक सवलत आहे: तिकीट न लावता प्रयोग केला तर परवानगी लागत नाही. सवलत योग्य आहे. कॉलेजातल्या पोरांनी पैसे आणावेत कुठून? पण एकदा एका शहरात माझ्या नाटकाचा शेवट बदलून प्रयोग झाला, आणि ते मला प्रेक्षकांत बसलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. पैशांचा प्रश्नच नव्हता. मुलगी घर सोडून जाते तिथे माझं नाटक संपतं. त्यांनी तिला परत आणलं होतं. मी चार दिवस कुणाशी नीट बोललो नाही. एक फोन आला असता तर मी कदाचित भांडलो असतो, कदाचित त्यांनी मला पटवलंही असतं. अभिनेत्रीनं ‘बरं’ काढलं ते माझ्यासमोर, माझं पात्र जास्त खरं करण्यासाठी. इथे पात्रालाच गप्प केलं होतं. दोन्हींत माझे शब्द गेले. पण या दोहोंतला फरक ओळखता येणं हीच या धंद्यातली अक्कल आहे, असं मला वाटतं, आणि ती मिळवायला मला फार वर्षं लागली.

तालमीत लिहिलेलं बदलावं लागतं, आणि मोठमोठ्यांना लागलं आहे. मोहन राकेश यांनी ‘लहरों के राजहंस’चा तिसरा अंक पुन्हा लिहिला तो कलकत्त्याला श्यामानंद जालान तालमी घेत होते तेव्हा, तिथे जाऊन. राकेश दिल्लीत राहणारे. त्यांचं पहिलं मोठं नाटक ‘आषाढ का एक दिन’ 1958चं. त्यातला कालिदास गाव सोडून राजधानीला जातो आणि ज्या मातीतून लिहीत होता ती पायाखालून सुटते. दिल्लीत राहून गावाचं नाटक लिहिणारा कुणीही ते नाटक स्वस्थपणे पाहू शकत नाही. त्यांचं ‘आधे-अधूरे’ 1969मध्ये ओम शिवपुरी यांनी दिल्लीत केलं आणि मराठीत आणलं विजय तेंडुलकरांनी. राकेश 3 डिसेंबर 1972ला गेले, अवघ्या सत्तेचाळीसाव्या वर्षी, एक नाटक अर्धवट टाकून. बरोबर तेरा दिवसांनी, 16 डिसेंबरला, पुण्यात तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. या दोन तारखा मी माझ्या टेबलासमोर एका कागदावर लिहून लावल्या आहेत. काही सिद्ध करायला नव्हे. आपलं काम कुणाच्या पाठोपाठ चाललं आहे ते लक्षात राहावं म्हणून.

भीतीबद्दल लिहायला हवं. ‘घाशीराम’चे प्रयोग ज्या संस्थेनं ते बसवलं तिनंच थांबवले आणि तरुण मंडळींना बाहेर पडून थिएटर अकॅडमी काढावी लागली. तेंडुलकरांच्याच ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. ‘कन्यादान’साठी तेंडुलकरांवर चप्पल फेकली गेली, आणि त्याच नाटकाला 1993चा सरस्वती सन्मान मिळाला. तो स्वीकारताना त्यांनी चपलेचा उल्लेख केला आणि दोन्ही निवाड्यांचा आपण आदर करतो असं सांगितलं. हे ऐकायला धीट वाटतं. पण मी त्या वाक्यामागचा माणूस डोळ्यांसमोर आणतो. चप्पल आली ती त्या नाटकातल्या दलित नायकाचं चित्रण ज्यांना जिव्हारी लागलं त्यांच्याकडून, आणि त्यांचं दुखणं खोटं नव्हतं. पात्राच्या तोंडी घातलेलं वाक्य लेखकाचं मानलं जातं, कधी रास्तपणे, कधी नाही, आणि ‘हे पात्र बोलतंय, मी नाही’ एवढं म्हणून नाटककाराची सुटका होत नाही. होऊ नये, असंही मला वाटतं. दुसऱ्याच्या वेदनेला शब्द द्यायचे तर ते शब्द त्याच्या तोंडी शोभतात का, हे विचारण्याचा हक्क त्याला आहे.

आणि आमच्या या भागात त्याहून पुढचं घडलं आहे. मी राहतो तिथून जवळच साहिबाबादचं झंडापूर आहे. 1 जानेवारी 1989ला तिथे कामगार वस्तीत जन नाट्य मंचाचं ‘हल्ला बोल’ हे पथनाट्य चालू असताना हल्ला झाला. राम बहादूर नावाचा कामगार मारला गेला, आणि दुसऱ्या दिवशी सफदर हाश्मी गेले. चौतीस वर्षांचे होते. नट म्हणून ते सगळ्यांना आठवतात. ‘मशीन’, ‘औरत’ ही पथनाट्यं लिहिण्यातही त्यांचा हात होता. 4 जानेवारीला त्यांच्या पत्नी मोलयश्री त्याच जागी परत गेल्या आणि जन नाट्य मंचानं अर्धवट राहिलेलं नाटक पूर्ण केलं. दर 1 जानेवारीला आजही तिथे नाटक होतं. धुकं असतं, लहान मुलं पुढे येऊन जमिनीवर बसतात, गच्च्यांवरून बायका पाहतात. पहिल्यांदा गेलो त्या दिवशी मी माझ्या संवादांमधली निम्मी विशेषणं घरी येऊन खोडली. त्या गर्दीत, त्या थंडीत, मोकळ्या हवेत जे वाक्य मागच्या माणसापर्यंत पोचणार नाही, ते लिहून काय करायचं?

दिल्लीतल्या मराठी प्रेक्षकाविषयी एक सांगायचं राहिलं. पहाडगंजचं बृहन्महाराष्ट्र भवन, करोलबागची जुनी मराठी घरं, गणेशोत्सवातली नाटकं, यांच्या आधारानं इथे मराठी रंगभूमीचा दिवा जपला गेला आहे. 1954नंतर थेट फेब्रुवारी 2025मध्ये मराठी साहित्य संमेलन दिल्लीत आलं, तालकटोऱ्यात, आणि त्या तीन दिवसांत मी इतकी मराठी ऐकली की रात्री कान दुखत असल्यासारखे वाटले. पण आता मराठी कुटुंबं गुरुग्राम, नोएडा, द्वारका अशी पांगली आहेत. नाटक साडेआठच्या पुढे लांबलं की गुरुग्रामची मंडळी घड्याळ पाहू लागतात. मी प्रयोगाला कधी बसत नाही. मागच्या दाराशी उभा राहतो. तिथून चेहरे दिसत नाहीत, पाठी दिसतात, आणि पाठी खोटं बोलत नाहीत. खुर्चीला टेकलेली पाठ किंचित पुढे येते ते मला दिसतं. खोकला कुठल्या वाक्यानंतर सुरू झाला, ते मी वहीत टिपून ठेवतो. पुढच्या प्रयोगाला त्याच वाक्यानंतर पुन्हा खोकला आला तर दोष माणसांच्या छातीत नाही, वाक्यात आहे.

एका प्रयोगात, अगदी शांत प्रसंगात, मधल्या रांगेतली एक म्हातारी बाई मोठ्यानं ‘अगं बाई’ म्हणाली. हिंदी प्रयोग होता. भोवतालच्या कुणाला ते कळलंही नसेल. मला मात्र तिनं माझं मूळ वाक्य मला परत दिल्यासारखं वाटलं. नाटक संपल्यावर मी तिला शोधलं. ती निघून गेली होती.

पेल्याच्या त्या प्रसंगाचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. नाटक पुस्तकरूपानं छापायची वेळ आली तेव्हा मी पुष्कळ दिवस घोळत राहिलो. शेवटी दोन्ही ठेवलं. आईच्या नावापुढे ‘बरं’ आणि खाली रंगसूचना: पेला सावकाश खाली ठेवते, हात काढत नाही. गेल्या वर्षी एका मराठी हौशी संस्थेनं ते नाटक केलं. त्यांनी बोलावलं म्हणून मी रात्रीची गाडी पकडून गेलो आणि सवयीप्रमाणे मागे दाराशी उभा राहिलो. आईचं काम एक तरुण मुलगी करत होती, केसांना पांढरा रंग लावून. मुलगा म्हणाला, दस्त झाला. तिनं पेला खाली ठेवला. हात काढला नाही. बोललीच नाही. मराठी मुलगी, मराठी नाटक, मराठी प्रेक्षक, आणि तिला तो शब्द नको वाटला होता.

नाट्यगृहात कुणीही खोकलं नाही. अंधारात, दाराच्या चौकटीला धरून, तिच्याऐवजी मी हळूच म्हटलं, बरं.